बोर्डिंगचं हाउस निवडताना संध्याकाळ बघून घ्या

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मुलगा ११ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे आणि चेलो फार सुंदर वाजवतो. संगीताच्या एका निवासी शाळेत सप्टेंबरपासून जागा मिळते आहे. शाळेने दोन हाउस (मुलांच्या राहण्याच्या इमारती) दाखवली. एक नवीन, मोठं आणि चकचकीत, दुसरं जुनं आणि लहान. कुठलं घ्यावं? शिवाय फॉर्मवर ऑटिझमचं निदान लिहायचं की नाही, यावरून घरात वाद चाललाय.

उत्तर: ताई, वादाचं आधी बोलू. निदान लिहाच, अहवालही जोडा. २०१०च्या इक्वॅलिटी ॲक्टनुसार खासगी शाळेलाही अशा मुलासाठी वाजवी बदल करावे लागतात आणि त्याचा खर्च पालकांवर टाकता येत नाही. पण शाळेला काही सांगितलंच नसेल, तर तिने करायचं काय? ‘हुशार आहे, निभावून नेईल’ म्हणून झाकून ठेवलेली गोष्ट बहुतेक वेळा पहिल्याच टर्मला बाहेर येते, आणि तेव्हा ती वागणुकीची तक्रार होऊन येते. पोराला हा त्रास विनाकारण होतो. आपल्या लोकांत हे इतक्या वेळा होतं की मी याबद्दल हट्टाने सांगते.

आता हाउस. चेलोची काळजी शाळा घेईल, ते तिचं कामच आहे. मुलगा तिथे रमेल की नाही, हे शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत आणि रविवारी ठरतं. त्यामुळे इमारतीपेक्षा हाउसपेरेंट, म्हणजे हाउसमध्येच राहून मुलांना सांभाळणारे, कोण आहेत ते बघा. किती वर्षं तिथे आहेत, पुढच्या वर्षी असणार का, त्यांच्या सुट्टीच्या रात्री कोण असतं, मुलांच्या तब्येतीकडे, कपड्यांकडे बघणारी मॅट्रन कोण, रात्री दोनला मूल घाबरून उठलं तर त्याने कुठलं दार वाजवायचं? हे सगळं मुलासमोर विचारा आणि ती व्यक्ती उत्तर तुम्हाला देते की मुलाकडे वळून देते, ते पाहा. मी तरी यावरूनच निवड करीन.

मग आवाज. ऑटिस्टिक मुलांमध्ये अचूक स्वरज्ञान (कुठलाही स्वर ऐकताच ओळखता येणं) इतर मुलांपेक्षा जास्त आढळतं, आणि त्याचा जाचही होतो. माझ्या ओळखीतली एक मुलगी हाउसच्या बैठकीच्या खोलीत पाऊल टाकत नसे. सगळ्यांना वाटायचं, हिला मुलींत मिसळायचं नाही. खरं कारण तिथला पियानो होता. तो सुरातून किंचित उतरलेला होता आणि येता-जाता कोणी ना कोणी त्यावर बोटं फिरवायचं. ट्यूनर येऊन गेला आणि ती त्या खोलीत बसायला लागली. म्हणून जेवणाच्या वेळी आणि झोपायच्या आधी हाउसमध्ये उभं राहून ऐका. बाथरूममधले हँड ड्रायर, दाणकन आपटणारी दारं, शेजारच्या रियाजाच्या खोलीतून झिरपणारा ट्रम्पेट. फायर ड्रिलची सूचना त्याला आधी मिळेल का, हेही विचारा. लहान वर्गांना बहुधा चार-सहा जणांची खोली असते, दोघांची किंवा कोपऱ्यातली मागा. मागायला संकोच नको.

रियाजाचं एक सांगायलाच हवं. ही मुलं वाजवायला बसली की तहान-भूक विसरतात. वेळ झाली की त्याला कोण उठवणार, त्याच्या हाताकडे-खांद्याकडे कोण बघणार, हे ठरलेलं हवं. डायनिंग हॉलच्या वासाने तो जेवत नसेल तर लवकर किंवा वेगळ्या खोलीत जेवायची सोय आणि रोज चालणारा साधा भात, हेही लेखी घ्या.

निवासी शाळांच्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे मुलांना घरच्यांशी एकांतात बोलता यायला हवं. अनेक ठिकाणी रात्री फोन जमा करतात, तेव्हा तुमच्या मराठीतल्या फोनची वेळ आधीच ठरवा. आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल वेगळा, छोटा ठेवा. ‘पोराला हॉस्टेलला टाकलं’ हे त्याच्या कानावर पडता कामा नये.

पैशांचं थोडक्यात. चेदम्स, पर्सेल, येहुदी मेनुहिन आणि वेल्स कॅथेड्रल या चार शाळांना म्युझिक अँड डान्स स्कीममधून सरकारी मदत मिळते, पालकांचा वाटा उत्पन्नावर ठरतो. तुमची शाळा यांतली असेल तर लगेच विचारा. ईएचसीपीसाठी (विशेष गरजा असलेल्या मुलाला कोणती मदत द्यायची ते ठरवणारा कायदेशीर आराखडा) कौन्सिलकडे तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. कायद्याने ती प्रक्रिया २० आठवड्यांची आहे, म्हणून याच आठवड्यात करा.

शेवटी दोन्ही हाउसमध्ये एकेक रात्र राहायला मागा. परतल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारू नका, त्याला उत्तर सुचणार नाही. कुठे जेवलास, दिवा कोणी घालवला, कुठला आवाज नको वाटला, असं विचारा. दोन्हीकडे त्याला झोप लागली नाही, तर यंदा जागा सोडा. लंडनला रॉयल अकॅडमी, रॉयल कॉलेज, गिल्डहॉल आणि मँचेस्टरला रॉयल नॉर्दर्न या संगीत महाविद्यालयांचे शाळकरी मुलांसाठी शनिवारचे ज्युनियर विभाग आहेत, तिथे ऑडिशन देता येते. निवासी शाळेत पुढे सिक्स्थ फॉर्मलाही (शाळेची शेवटची दोन वर्षं) प्रवेश मिळतो.