बंदूकवाल्या काकांना काय विचारावं?

प्रश्न : मावशी नमस्कार. मी मूळची पुण्याची, दीड वर्षापूर्वी मिस्टरांची बदली झाली आणि आम्ही ग्वाल्हेरला सासरी, लश्कर भागात राहायला आलो. परवा मुरारहून बाड्याच्या चौकाकडे टेम्पोनं (इकडची शेअर रिक्षा) येत होतो तर समोर पांढऱ्या मिशांचे एक काका, गुडघ्यांमध्ये दुनाली बंदूक उभी धरून, आपण छत्री धरतो ना तसे निवांत बसलेले. माझा सात वर्षांचा मुलगा एकदम म्हणाला, "अंकल, ये असली है? आपने किसको मारा?" अख्खा टेम्पो गप्प. काका हसले, पण मला घाम फुटला. घरी सासूबाई म्हणाल्या, असं विचारत नसतात. मग कसं विचारतात? की विचारायचंच नाही? खरं सांगू, मलाही विचारायचं होतंच. – लश्करची सून

उत्तर : सूनबाई, आधी घाम पुसा. काका हसले ना? मग विषय संपला, लहान मुलाचा कोणी राग धरत नाही इकडे. पण तुम्ही हाच प्रश्न विचारला असतात तर ते हसले असते का, मला शंका आहे.

माझा जन्म इथलाच, दौलतगंजातला, आणि बंदूक बघून दचकायचं असतं हे मला लग्नानंतर नाशिकच्या नणंदा आल्या तेव्हा कळलं. आपल्याकडे भिंड-मुरैन्याचा माणूस कोर्टाच्या तारखेला आला, नातेवाइकांकडे आला, मेळ्यात स्वेटर घ्यायला आला तरी खांद्याला बंदूक असते. अर्ध्या वेळा तिचा उपयोग एवढाच की लोक सरकून जागा देतात. पूर्वी चंबळच्या बीहडातल्या, म्हणजे दऱ्याखोऱ्यांतल्या, बागींची भीती होती (आणि हो, इकडे 'डाकू' म्हणायचं नाही, 'बागी' म्हणायचं, निदान जुन्या माणसांसमोर तरी), फूलन देवीनं भिंडला हत्यार टाकलं ते 1983 साली, त्यालाही चाळीस वर्षं होऊन गेली, पण बंदूक काही घरातून गेली नाही, ती आता इज्जतीची वस्तू झालीये. 2008 मध्ये शेजारच्या शिवपुरीत प्रशासनानं चक्क स्कीम काढली होती की नसबंदी करून घ्या, बंदुकीचं लायसन्स लवकर देतो. आणि 2019 मध्ये आपल्या ग्वाल्हेरात, लायसन्स हवंय तर आधी 10 झाडं लावा! आता सांगा, लोकांना ती किती हवी असते हे सरकारलाही माहीत आहे.

म्हणून पहिली गोष्ट, "लायसन्स है क्या?" हे तोंडातून काढायचं नाही. ते विचारायचा हक्क पोलिसांचा, तुम्ही विचारलंत की त्याचा अर्थ 'तुम्ही गुंड आहात का' असा होतो. पण "लायसन्स कैसे मिला दाऊ?" (दाऊ म्हणजे दादा) हे विचारून बघा, मग बाडा येईपर्यंत ऐकत बसा, कलेक्टर ऑफिसला किती फेऱ्या, ठाण्याचा रिपोर्ट कुठे अडकला, कोणाची ओळख लावली, सगळं येईल. एका शब्दाचा फरक आहे फक्त.

दुसरं, बंदुकीपासून सुरुवात करायचीच नाही. आधी राम राम, मग "कहाँ के हो?" आणि गाव कळलं, कोणीतरी ओळखीचं निघालं (निघतंच), की मग बंदुकीकडे बघून "पुरानी है?" एवढं पुरे. मी एकदा बसस्टँडवर एका म्हाताऱ्यांना असं विचारलं तर ती त्यांच्या वडिलांची निघाली, वडील गेल्यावर वारसानं ती आपल्या नावावर करून घेईपर्यंत ठाण्यात जमा होती म्हणे, आणि ते हे अशा आवाजात सांगत होते जसं घरची म्हैस कोंडवाड्यात होती.

"किसको मारा" हे मुलाला समजावून बंद करा. बहुतेकांनी लग्नात आणि दिवाळीला हवेत सोडून कधी गोळी झाडलेली नसते, आणि ज्यानं झाडली असेल तो टेम्पोत सांगणार नाही. किमतीचं पण विचारू नका. आणि हात लावायचा नाही, "जरा दिखाना" पण नाही, त्यांनी स्वतः पुढे केली तरी हात जोडून नको म्हणा. फोटो तर अजिबात नाही, पोरं रील बनवतात बंदुकीबरोबर आणि मग ठाण्यात बसतात.

"भरी है क्या?" हे मात्र लोक भीतीनं विचारतात, आणि मला वाटतं भीती असेल तर प्रश्न विचारूच नये, जागा बदलावी. उत्तर 'नाही' आलं तरी तुम्हाला चैन पडणार आहे का? नळीचं तोंड आपल्या किंवा पोराच्या दिशेला असेल तर मात्र भीडभाड नको, "भाईसाब, ज़रा ऊपर कर लो" असं सरळ म्हणा, ह्यात कोणी अपमान मानत नाही, उलट सॉरी म्हणतात.

बँकेच्या दारातला गार्ड असेल तर गोष्ट वेगळी. त्याची बंदूक बऱ्याचदा त्याची स्वतःची असते, लायसन्स आहे म्हणूनच नोकरी मिळालीये, आपल्याकडचे कितीतरी लोक दिल्लीपर्यंत ह्याच कामाला गेलेत. त्याला बंदुकीचं नको, ड्युटी किती तासांची ते विचारा, दिवसभर तीन-साडेतीन किलो खांद्यावर घेऊन उभं राहायचं असतं बिचाऱ्याला. आणि निवडणुका लागल्या की हत्यारं ठाण्यात जमा होतात, तेव्हा रोजच्या काकांचा खांदा रिकामा दिसला तर "बंदूक कहाँ गई" विचारू नका, चेहरा आधीच पडलेला असतो.

मुलाच्या शंका घरीच भागवा. दुनाली म्हणजे दोन नळ्यांची. 12 बोर म्हणजे त्या नळीच्या मापाच्या शिशाच्या 12 गोल गोळ्या केल्या तर वजन एक पाउंड भरतं. 315 म्हणतात ती रायफल, नळीचं माप 0.315 इंच म्हणजे 8 मिलिमीटर, इंग्रजांनी 303 फौजेसाठी ठेवली आणि पब्लिकला मनाई केली म्हणून हे वेगळं माप आलं. एवढं सांगा, पुढच्या वेळी तोच काकांना शिकवेल.

जाता जाता, टेम्पोतल्या बंदुकीला घाबरू नका, वरातीतल्या बंदुकीला घाबरा. दोन पेग झालेला मावसभाऊ नळी वर करायला लागला की तिथे काही विचारायचं नाही, पोराला उचलायचं आणि आत जायचं. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर असल्या हर्ष फायरला (आनंदाच्या भरात झाडलेल्या गोळीला) दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हे यजमानांना लग्नाच्या आदल्या दिवशी सांगा, त्या रात्री कोणी ऐकत नाही.

प्रश्न : मावशी, मुलगा-सून टेक्ससला आहेत, पुढच्या महिन्यात जातोय. तिकडे म्हणे लोक कमरेला पिस्तूल लावून भाजी घ्यायला येतात. आम्ही काही बोलावं का त्यांच्याशी? – एक आजोबा, जनकगंज

उत्तर : आजोबा, तुम्ही ग्वाल्हेरचे, तुम्हाला कसलं नवल! तिकडे 2016 पासून लायसन्सवाल्यांना पिस्तूल उघड लावता येतं आणि सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या बहुतेकांना लायसन्सही लागत नाही, फक्त होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात हवं. ज्या दुकानदाराला नको असतं तो दारावर पाटी लावतो, 30.07 असा आकडा दिसला की समजा उघडं पिस्तूल आत चालत नाही. तिकडे गाव विचारून ओळख काढायची पद्धत नाही, त्यामुळे आपली राम रामवाली युक्ती चालायची नाही. माणूस स्वतःहून गप्पा मारायला लागला तर विचारा, नाहीतर भाजी घ्या आणि चला. बोट दाखवून मराठीत मोठ्यानं "अगं ते बघ" मात्र करू नका, भाषा कळली नाही तरी बोट कळतं.