दोन थर्मोस्टॅट, एक जुनी फर्नेस आणि बाराशे डॉलर

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतील एडिसनहून पाठवलेले आपले पत्र वाचले. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात मांडतो. आपले घर दुमजली आहे, घर तापवणारी, गॅसवर चालणारी एकच फर्नेस तळघरात आहे, तिला सतरा वर्षे झाली आहेत, आणि दोन मजल्यांचे दोन झोन दोन साध्या प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटवर चालतात. घरातले दिवे आणि दारांची झेड-वेव्ह (घरगुती उपकरणांना जोडणारी एक बिनतारी पद्धत) कुलुपे आपण होम असिस्टंट या घरातल्या उपकरणांचे नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरवर स्वतः जोडली आहेत आणि आता घराचे तापमानही त्याच व्यवस्थेत आणायचे आहे. त्यासाठी कॉन्ट्रॅक्टरने १,२०० डॉलरचा प्रस्ताव दिला आहे: वरच्या श्रेणीचे दोन स्मार्ट थर्मोस्टॅट ५६० डॉलर, खोल्यांत ठेवायचे चार सेन्सर १६०, या उपकरणांना एकत्र जोडणारा एक हब १३० आणि सी-वायरसह (थर्मोस्टॅटला सतत वीज मिळावी म्हणून लागणारी जादा वायर) मजुरी ३५०. रक्कम अठरा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांनी देता येईल आणि वर करसवलतही मिळेल, असे तो सांगतो. पत्नीचे म्हणणे असे की चालू आहे ते कशाला बदलायचे. खर्च दोन-तीन वर्षांत वसूल होईल का, असे आपण विचारले आहे.

होणार नाही, आणि का होणार नाही हे आपणच पाठवलेल्या बिलांवरून दिसते.

आपले गॅसचे वर्षाचे बिल १,४०० डॉलर आहे. पण उन्हाळ्यातही गिझर आणि शेगडी मिळून महिन्याला ३५ डॉलर जातात, म्हणजे वर्षाचे ४२० डॉलर थर्मोस्टॅटच्या कक्षेबाहेरच राहतात. घर तापवण्याचा खरा खर्च उरतो ९८०. विजेचेही तसेच आहे: एप्रिल आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांत बिल प्रत्येकी १२० येते आणि जून ते सप्टेंबर सरासरी २४०, म्हणजे घर थंड ठेवण्याचे चार महिन्यांचे ४८० डॉलर. एकूण १,४६०. स्मार्ट थर्मोस्टॅटमुळे तापवण्या-थंड करण्याच्या खर्चात सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास बचत होते, असे अमेरिकेचा एनर्जी स्टार कार्यक्रम सांगतो. त्या हिशोबाने ११७ डॉलर झाले. कंपन्यांच्या जाहिरातींतले आकडे याहून मोठे असतात, परंतु त्यांतील काही दिवसरात्र एकाच तापमानावर ठेवलेल्या घराशी तुलना करून काढलेले असतात, आणि आपले घर तसे नाही.

आपण लिहिले आहे की थंडीत रात्री अकरा ते सकाळी सात तापमान ७० वरून ६४ अंश फॅरेनहाइटवर येते आणि हे वेळापत्रक गेली कित्येक वर्षे चालू आहे. दिवसातले आठ तास तापमान ७ ते १० अंश फॅरेनहाइट खाली ठेवले तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे म्हणणे आहे. आपण त्याच्या अगदी जवळ आहात, तेव्हा त्या बचतीचा मोठा वाटा आजच आपल्या बिलात उतरलेला आहे. प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट घेतलेल्या पुष्कळ लोकांनी त्यात वेळापत्रक कधी भरलेच नाही, आणि त्यापोटी अपेक्षित बचत दिसेना म्हणून एनर्जी स्टारने २००९ च्या अखेरीस त्या प्रकाराला शिक्का देणे बंद केले. आपण मात्र ते वेळापत्रक खरोखर भरणाऱ्यांपैकी आहात. शिवाय पत्नी घरूनच काम करतात, म्हणजे दिवसा घर रिकामे नसते, आणि उन्हाळ्यात पुण्याहून सासूबाई येतात तेव्हा एसी ७८ च्या खाली जाऊच देत नाहीत. ज्या घरात सासूबाईच थर्मोस्टॅटचे काम करतात, तिथे यंत्राने आणखी किती वाचवायचे? मी वर्षाला ५० डॉलरहून जास्त बचत धरणार नाही, आणि त्या हिशोबाने १,२०० डॉलर वसूल व्हायला चोवीस वर्षे लागतील.

इतकी वर्षे हे यंत्र पुरत नाही. आता गूगलकडे असलेल्या नेस्ट या ब्रँडचा पहिला स्मार्ट थर्मोस्टॅट २०११ मध्ये आला, दुसरी पिढी २०१२ मध्ये, आणि २५ ऑक्टोबर २०२५ पासून या दोन्ही पिढ्यांना अ‍ॅपमधून चालवणे गूगलने बंद केले. भिंतीवर हाताने फिरवून ते अजून चालतात, पण ‘स्मार्ट’ म्हणून मोजलेले पैसे ज्यासाठी होते तो भाग गेला. ज्याने २०१५ मध्ये दुकानातून दुसऱ्या पिढीचा घेतला, त्याला दहाच वर्षे मिळाली. म्हणून अशा वस्तूची किंमत मी नेहमी दहाने भागतो आणि तिला वर्षाचे भाडे समजतो. तसे पाहिले तर हा प्रस्ताव म्हणजे वर्षाला ५० डॉलर वाचवण्यासाठी १२० डॉलर भाडे होते.

करसवलतीचे आधी निकालात काढू. घरातील ऊर्जाबचतीच्या सुधारणांसाठी मिळणारी केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या वस्तूंना लागू नाही, आणि ती चालू होती तेव्हाही नुसता थर्मोस्टॅट त्या यादीत नव्हता. गॅस-वीज कंपन्यांची सवलत ही वेगळी बाब आहे, ती आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावर जरूर पाहा, परंतु पन्नास डॉलरच्या सवलतीसाठी दीडशे डॉलर महाग मॉडेल घेऊ नका. बिनव्याजी हप्त्यांचा करारही नीट वाचावा. अशा बऱ्याच योजनांत व्याज माफ नसते, नुसते पुढे ढकललेले असते, आणि अठराव्या महिन्याअखेर थोडीशी रक्कम जरी बाकी राहिली तरी पहिल्या दिवसापासूनचे सगळे व्याज एकदम अंगावर येते.

आता होम असिस्टंटचा प्रश्न, जो आपल्या मनात मुळात पहिला आहे. ‘चालते’ असे खोक्यावर लिहिलेले असले तरी कशाच्या आधारावर चालते हे विचारावे लागते, कारण त्यावर वस्तूचे आयुष्य ठरते आणि म्हणून किंमतही. नेस्टची नेहमीची जोडणी गूगलच्या सर्व्हरमार्गे होते आणि त्यासाठी एकदाच ५ डॉलर नोंदणी शुल्क भरावे लागते. रक्कम क्षुल्लक आहे, पण आपल्याच भिंतीवरच्या यंत्राशी बोलण्याची परवानगी दुसऱ्याकडून घ्यावी लागते, हे त्यातून कळते. थर्मोस्टॅट बनवणाऱ्या इकोबी या दुसऱ्या कंपनीने २०२४ पासून नव्या ग्राहकांना तशी परवानगी, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरला लागणारी एपीआय की, देणे थांबवले. अ‍ॅपलच्या होमकिट या जोडणीच्या वाटेने मात्र इकोबीचा थर्मोस्टॅट घरातल्या जाळ्यातूनच जोडता येतो. २०२४ चा चौथ्या पिढीचा नेस्ट मॅटर या अनेक कंपन्यांच्या सामाईक जोडणी-पद्धतीवरही चालतो. पण आपल्याकडे कुलुपांसाठी संगणकाला लावायची झेड-वेव्हची स्टिक आधीच आहे, आणि हनीवेल होमचा टी-सिक्स प्रो झेड-वेव्ह हा साधारण सव्वाशे-दीडशे डॉलरच्या घरातला थर्मोस्टॅट तिच्याशी थेट बोलतो. त्याला इंटरनेट लागत नाही, खाते लागत नाही. दिसायला तो अगदीच सरकारी आहे, पण उद्या कंपनीने काहीही बंद केले तरी आपल्या घरात तो चालत राहील. त्यामुळे प्रस्तावातला १३० डॉलरचा हब आजच खोडून टाका.

मजुरीच्या ३५० डॉलरकडेही पाहू. आपण पाठवलेल्या फोटोत थर्मोस्टॅटची पुढची तबकडी काढलेली आहे: लाल वायर आर वर, पांढरी डब्ल्यू वर, पिवळी वाय वर, हिरवी जी वर, आणि मागे भिंतीच्या भोकात एक निळी वायर बाकीच्या वायरींभोवती गुंडाळून कोंबलेली. ही निळी वायर कुठेच जोडलेली नाही. थर्मोस्टॅटला सतत २४ व्होल्ट मिळावेत म्हणून लागणारी सी-वायर म्हणून तिचा उपयोग करता येतो; तळघरात झोनच्या पॅनेलवर तिचे दुसरे टोक शोधायचे, फर्नेसचा ब्रेकर आधी बंद करायचा आणि तेथील सी या खुणेला ती जोडायची. दिव्यांची बटणे स्वतः बदलणाऱ्या माणसाला हे अवघड नाही. हात घालायचा नसेल तर फर्नेसच्या वार्षिक तपासणीला येणाऱ्या माणसाकडून करून घ्या. टी-सिक्स तर नुसत्या तीन एए बॅटऱ्यांवरही चालतो, फक्त मग तो इतर उपकरणांचे सिग्नल पुढे पोचवण्याचे काम करत नाही.

तरीही दोन थर्मोस्टॅट घेऊ नका, असे मी म्हणेन, आणि त्याचे कारण भिंतीवर नसून तळघरात आहे. सतरा वर्षांची फर्नेस पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांत केव्हाही हात टेकू शकते. तिच्या आणि एसीच्या बदलाचे ९,५०० डॉलरचे कोटेशन आपल्याकडे आहे आणि बाजूला ठेवलेले आहेत ४,०००. नव्या संचांपैकी काही असे असतात की त्यांना त्यांच्याच कंपनीचा थर्मोस्टॅट लागतो, साधा २४ व्होल्टचा लावला तर संचाची अर्धी कामे बंद पडतात. फर्नेसऐवजी हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत आणणारे यंत्र) घेतलात तर रात्रीचे वेळापत्रकही बदलावे लागेल, कारण सकाळी एकदम सहा अंश चढवायला गेले की मदतीला विजेच्या कॉइल सुरू होतात आणि रात्रभराची बचत नाश्त्याच्या आत संपते. आज घेतलेले दोन महाग थर्मोस्टॅट दोन वर्षांनी ड्रॉवरमध्ये जाण्याची शक्यता त्यामुळे बरीच आहे.

म्हणून माझा सल्ला असा: जास्त वावर असलेल्या खालच्या मजल्यासाठी एकच झेड-वेव्ह थर्मोस्टॅट घ्या, स्वतः बसवा, आणि त्याचे १३० डॉलर बचतीच्या खात्यात न मांडता हौसेच्या खात्यात मांडा. हौसेला मोल नसते हे खरे, पण तिला बचत म्हटले की पत्नीशी होणारा वाद चुकीच्या आकड्यांवर होतो, आणि या बाबतीत त्यांचे गणित आपल्यापेक्षा बरोबर आहे. उरलेले १,०७० डॉलर फर्नेसच्या निधीत टाका. ९,५०० ला कमी पडणारी रक्कम मग ५,५०० ऐवजी ४,४३० राहील आणि चोवीस महिन्यांत ती जमवायला महिन्याला २२९ ऐवजी १८५ डॉलर लागतील. पैसे बचत खात्यातच असू द्या, शेअर बाजारात नको. जानेवारीत फर्नेस बंद पडली तर घासाघीस करायला वेळ नसतो; जो कॉन्ट्रॅक्टर त्या दिवशी येईल त्याच्याकडे असेल तो संच आणि तो म्हणेल ती किंमत. हातात पैसे तयार असतील तर हेच काम सप्टेंबरमध्ये, तीन कोटेशने घेऊन करता येते, आणि त्यातून वाचणारी रक्कम कोणत्याही थर्मोस्टॅटच्या दहा वर्षांच्या बचतीहून मोठी असू शकते. त्या वेळी प्रत्येकाकडून लेखी विचारून घ्या की हा संच साध्या २४ व्होल्टच्या थर्मोस्टॅटवर पूर्ण क्षमतेने चालेल का.

चार सेन्सरांपैकी एखादा सासूबाईंच्या खोलीत ठेवावासा वाटत असेल, तर कुलुपांच्या जाळ्यात बसणारा साधा झेड-वेव्ह सेन्सर पुरेल. वरच्या मजल्यावरचा जुना थर्मोस्टॅट तूर्त तसाच राहू द्या. थंडी सुरू होण्याआधी त्याच्या बॅटऱ्या तेवढ्या बदला.