मराठी माध्यमातून आलोय, क्लॅटसाठी इंग्लिश व्होकॅब्युलरी कशी वाढवू? रोज ५० शब्द पाठ करतो पण टिकत नाहीत

तू लिहिलंयस की दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बारावी, डिसेंबरात क्लॅट (नॅशनल लॉ स्कूलच्या प्रवेशाची परीक्षा), ५००० शब्दांची पीडीएफ घेऊन रोज ५० पाठ करतोस, आठवड्याने त्यातले पाचही आठवत नाहीत, आणि ॲप कुठलं चांगलं ते सांगा. ॲपचं नंतर बघू. मला खुपलं ते तुझं मधलं वाक्य, "मराठी मीडियममुळे माझा बेसच नाही." हे कुणीतरी तुझ्या डोक्यात घातलंय. माझ्याही घातलं होतं आणि ते बाहेर काढण्यात माझं एक अख्खं वर्ष गेलं, म्हणून एवढं लिहितोय.

मी लातूर जिल्ह्यातला. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढं तालुक्याचं हायस्कूल. २०१३ ला पहिल्यांदा क्लॅट दिली तेव्हा पेपर २०० प्रश्नांचा असायचा, त्यात इंग्लिशचे ४०, आणि शब्दांचे अर्थ, वाक्प्रचार, लॅटिन-फ्रेंच शब्दप्रयोग असं थेट विचारायचे. पुण्यात ज्या क्लासला गेलो तिथं पहिल्याच दिवशी साडेतीन हजार शब्दांची स्पायरल केलेली झेरॉक्स हातात दिली, महिन्यात संपवा म्हणाले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. पहाटे उठून मेस उघडायच्या आत ५० शब्द, असा नेम. वहीत डावीकडं इंग्लिश शब्द, त्याखाली देवनागरीत उच्चार, उजवीकडं एका शब्दात मराठी अर्थ. दोन वह्या भरल्या होत्या, अक्षर पण सुंदर होतं.

त्या वह्यांनी माझं काय केलं बघ. एका पानावर "अबेट – कमी होणे", चार पानांनी परत "अबेट – गुन्ह्यात साथ देणे". इंग्लिशमध्ये दोन वेगळे शब्द आहेत, पहिला abate, दुसरा abet, स्पेलिंग वेगळं, उच्चारही वेगळा, पण माझ्या देवनागरीत दोन्ही एकच झाले आणि डोक्यातही एकच झाले. टेस्टमध्ये वादळ 'अबेट' झालं असं वाक्य आलं आणि मी 'मदत केली' वर टिक करून आलो.

पण खरं लागलं ते नंतरच्या मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला. उतारा इराणच्या तेलावरचा होता, तेव्हा पेपरात रोज तेच चालायचं. 'सँक्शन्स' चा उताऱ्यातला अर्थ कोणता असा प्रश्न. आता माझ्या घरात सँक्शन हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेलो, अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, विहिरीचं लोन सँक्शन झालं त्या दिवशी आईनं शिरा केला होता, मला तो दिवस आठवतो. शिवाय यादीतही 'मंजुरी' च लिहिलेलं. मी डोळे झाकून 'मंजुरी' ठोकलं. सरांनी पेपर वाटताना माझं उत्तर वर्गात मोठ्यानं वाचलं, म्हणाले अमेरिका इराणला कर्ज मंजूर करायलीय का रे, आणि पुढं म्हणाले मराठी मीडियमवाल्यांनी उगाच नॅशनल लॉ स्कूलची स्वप्नं बघू नयेत, गावाजवळच्या कॉलेजात जावं. साठ पोरं हसली. त्या मॉकला ४० पैकी १७ बरोबर, २३ चूक, पाव-पाव मार्क कापून हातात ११.२५. मेची परीक्षाही तशीच गेली, कुठंच नंबर लागला नाही.

घरी आलो तर मोठे काका चहाला बसलेले. अण्णांना म्हणाले, "तुला तेव्हाच सांगत होतो, इंग्लिश मीडियमला घाल म्हणून. मराठी शाळेत घालून पोराचं वाटोळं केलंस." अण्णा काहीच बोलले नाहीत, कपातला चहा बशीत ओतत राहिले. काकांनी स्वतःच्या पोराला लातूरला कॉन्व्हेंटला ठेवलं होतं, त्यामुळे अण्णांना बोलायला जागाच नव्हती.

ड्रॉप घेतला. पैसे संपले होते त्यामुळे क्लास नाही, तालुक्याच्या वाचनालयात बसायचो. इंग्लिश पेपर एकच यायचा तोही दुपारच्या एसटीनं, आणि कपाटात एक जाडजूड इंग्लिश-इंग्लिश डिक्शनरी होती, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मी सगळ्यात आधी त्यात 'सँक्शन' च काढला. मूळ लॅटिन, अर्थ कायद्यानं ठरवून दिलेलं, फर्मान. फर्मान परवानगीचं असू शकतं आणि न ऐकणाऱ्याला शिक्षेचंही असू शकतं, म्हणून एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ. म्हणजे अण्णांचं लोन आणि इराणवरची बंदी एकाच मुळातून आलेत. हे एकदा कळल्यावर तो शब्द मला परत कधी पाठ करावा लागला नाही. यादीनं अर्धा शब्द दिला होता आणि अर्ध्या शब्दावरच मार्क गेले होते.

मग मी पद्धतच बदलली. रोज एक अग्रलेख, त्यातले जास्तीत जास्त सात शब्द. आधी वाक्यावरून अंदाज बांधायचा, मग डिक्शनरी, मग वहीत ते अख्खं वाक्य उतरवायचं, आणि मराठी अर्थ एका शब्दात लिहायचाच नाही, आपण बोलतो तसा वाक्यात लिहायचा. एक अबेट म्हणजे पूर ओसरला, ताप उतरला, राग निवळला. दुसरा ॲबेट म्हणजे पेपरात येतं ते "आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा", तेव्हाचं आयपीसी (भारतीय दंड संहिता) ३०६, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०८. आज औरंगाबाद खंडपीठात वकिली करताना दोन्ही शब्द येत राहतात, पक्षकार वारला आणि वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आणले नाहीत की दावा अबेट होतो, आणि मला दर वेळी ओसरलेला पूरच दिसतो.

आणि आता जे सांगतो ते मराठी शाळेतल्या पोरालाच लवकर कळतं असं माझं ठाम मत आहे. आपल्याला व्याकरणात उपसर्ग घोटून घेतलेले असतात. आहार, विहार, प्रहार, संहार, धातू एकच, उपसर्ग बदलला की अर्थ बदलला. इंग्लिशचे अवघड शब्द नेमके असेच बनलेत. प्रिस्क्राइब म्हणजे लिहून देणं, नेमून देणं, आणि प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणं, हे दोन्ही पर्यायांत शेजारी ठेवून फसवतात. आपला पद आणि त्यांचा पेडल, पेडेस्ट्रियन मधला 'पेड' एकाच घराण्यातले. त्यातूनच इम्पीड, पाय अडकवणं, म्हणजे अडथळा आणणं, आणि एक्सपिडाइट, पाय मोकळे करणं, म्हणजे काम लवकर मार्गी लावणं. मृत चा भाऊ मॉर्टल, मॉर्गेज (mortgage, गहाण) मधला 'मॉर्ट' पण तोच, मेलेलं तारण. विद् वरून वेद तसं एव्हिडन्स, दंत वरून डेंटल, नव आणि नोव्हिस, अग्नी आणि इग्नाइट. संस्कृत आणि लॅटिन-ग्रीक एकाच मुळातून निघाल्या असाव्यात हे १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सनं मांडलं, आणि तो तिथल्या सुप्रीम कोर्टाचा जज होता. तुझा बेस आहे, तो वापरायला कुणी शिकवलं नाही एवढंच.

दुसऱ्या वर्षी मॉकला ४० पैकी ३० च्या खाली आलो नाही आणि नंबर लागला.

आता तुझ्या परीक्षेबद्दल. २०२० पासून क्लॅट पॅसेजवर गेलीय. सध्या १२० प्रश्न, दोन तास, चुकीला पाव मार्क वजा, त्यात इंग्लिशचे २२ ते २६ आणि सगळे साडेचारशेक शब्दांच्या उताऱ्यांवर. सुटा शब्द देऊन अर्थ विचारतच नाहीत, "या उताऱ्यात या शब्दाचा अर्थ काय" असं विचारतात. म्हणजे तुझी पीडीएफ त्या परीक्षेची तयारी करून घेतेय जी आता होतच नाही. बंद कर. सात शब्द रोज, तिसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं परत बघायचे. ॲप कुठलंही घे, फ्लॅशकार्डचं, फक्त कार्डं स्वतः बनव, दुसऱ्यानं बनवलेला कार्डांचा तयार गठ्ठा उतरवून घेऊ नकोस. देवनागरीत उच्चार लिहू नकोस, डिक्शनरी ॲपमध्ये ऐक.

हां, एक राहिलं. एनडीए किंवा सीयूईटी पण देणार असशील तर तिथं समानार्थी-विरुद्धार्थी थेट येतात, तिथं जुन्या पेपरातली छोटी यादी लागतेच, तेवढी कर. वाचनाचा फायदा दिसायला मला तीनेक महिने लागले, दोनच महिने हातात असतील तर जुने क्लॅटचे उतारेच सोडव, अग्रलेख कमी कर. आणि सारखं ऐकू येतं म्हणून सगळेच शब्द नातेवाईक नसतात, 'बदनाम' मधला फारसी बद आणि इंग्लिश बॅड यांचा काही संबंध नाही, म्हणून मूळ डिक्शनरीत बघूनच वहीत घ्यायचं.

काकांचं सांगायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी बँकेची इंग्लिश नोटीस घेऊन ते माझ्याकडं आले, सोबत चुलतभाऊ. त्यानं नोटीस घरी मोठ्यानं फाडफाड वाचून दाखवली होती, पण त्यात 'फोरक्लोजर' आणि 'विदाउट प्रेज्युडिस' म्हणजे काय ते त्याला लागत नव्हतं. मी ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगितली, गहाण कधी सुटतं, हक्क कुठला शाबूत राहतो, सगळं. काका जाताना अण्णांना म्हणाले, "पोरगं चांगलं शिकलं." अण्णा बराच वेळ दारात उभे होते. चुलतभावाचा यात काही दोष नाही, तो हुशारच आहे, पण माध्यमानं शब्द येतात हे मी कुणाकडूनही ऐकून घेणार नाही.

आज रात्री एवढंच कर. शाळेचं कुठलंही जुनं पुस्तक काढ, सुरुवातीच्या पानांवर संविधानाची प्रस्तावना असेल, मराठी तुला पाठच असेल. शेजारी इंग्लिश प्रस्तावना ठेव. सार्वभौम, बंधुता, प्रतिष्ठा, आणि विश्वास-श्रद्धा-उपासना हे तीन वेगळे शब्द समोर कोणते येतात ते बघ, वहीत उतरव. 'इंटिग्रिटी' समोर एकात्मता दिसेल. मग डिक्शनरीत बघ की माणसाच्या बाबतीत तोच शब्द सचोटी कसा होतो. सुरुवात त्याच्यापासून कर.