आईच्या स्मरणशक्तीची तपासणी ठरली आहे, घरी काय तयारी करू?

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे, शिवाजी पेठेत राहते. वर्षभर तेच तेच विचारते. पांढऱ्या रश्श्यात दोनदा मीठ पडतं. गेल्या महिन्यात महाद्वार रोडवरून परतताना वाट चुकली. पुढच्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं आहे, पण ती म्हणते, ‘मला काय वेड लागलंय?’
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वाट चुकली ही गोष्ट तुम्ही अंगावर काढली नाहीत, हे फार चांगलं केलंत. आईला ‘डोळे दाखवायला जाऊ’ असं खोटं सांगू नका. तिथे गेल्यावर कळतं आणि पुढच्या वेळी ती उंबरा ओलांडत नाही. ‘विसरायला होतंय, त्यामागे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइड आहे का ते बघून येऊ’ असं सांगा. ते खरंही आहे.

बी-१२ कमी असणं, थायरॉइड, सोडियम कमी होणं, नैराश्य, कमी ऐकू येणं, यांनीही विस्मरण होतं आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून रक्ततपासणी होते, बहुधा मेंदूचा सीटी किंवा एमआरआयही. एक चूक फार घरांत होते: अशक्तपणा म्हणून आधीच बी-१२चं इंजेक्शन देऊन आणतात. मग रिपोर्ट नॉर्मल दिसतो आणि खरी कमतरता झाकली जाते. रक्त आधी, इंजेक्शन नंतर. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर ते आवर्जून सांगा, त्यानेही बी-१२ उतरतं.

गोळ्यांची नावं लिहून नेऊ नका, सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. झोपेच्या, सर्दीच्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्या स्मरणशक्ती मंदावतात. झोपेची गोळी मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका.

डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोग होतो तो घरच्या माणसाच्या माहितीचा. एका कागदावर लिहा: पहिल्यांदा कधी जाणवलं, हळूहळू वाढलं की अचानक, पूर्वी कोणतं काम जमायचं आणि आता अडतं (भिशीचा हिशोब, गॅस बंद करणं, औषधं घेणं), आई कधी पडली का, भास होतात का. पडल्याचं विसरू नका. डोक्याच्या आत हळूहळू रक्त साठलं तरी असंच दिसतं. हा कागद आईसमोर वाचू नका, आधीच आत पाठवा.

चाचणीत तारीख विचारतात, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, घड्याळ काढायला लावतात. तेव्हा तुम्ही गप्प बसायचं. ‘अगं, सांग की, आज मंगळवार!’ म्हटलंत की चाचणी वाया गेली. घरी सरावही घेऊ नका. आईचं शिक्षण किती ते सांगा; कमी शिकलेल्यांना काही प्रश्न मुळातच अवघड जातात, गुण त्या हिशोबाने वाचावे लागतात. चष्मा, श्रवणयंत्र न्या. सकाळी न्याहारी करून न्या, पण रक्त उपाशीपोटी द्यायचं आहे का ते आधी विचारून घ्या.

दोन-तीन दिवसांतच गोंधळ एकदम वाढला, ताप आहे किंवा लघवीला जळजळतंय, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता लगेच दाखवा.

प्रश्न : डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) निघालाच तर लगेच काय करावं?

उत्तर : पहिल्याच भेटीत निदान होईल असं नाही; सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी सांगतात, तेही योग्यच. डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशावरचं औषध सुरू केलं तर बहुधा ५ मिलिग्रॅमपासून. त्याने आजार बरा होत नाही, काहींना काही काळ दैनंदिन कामं थोडी सोपी जातात. मळमळ, जुलाब, नाडी मंद होणं, चक्कर यावर लक्ष ठेवा. आईला समजतंय तोवर बँकेचे व्यवहार आणि मृत्युपत्र तिच्या इच्छेने करून घ्या. समज गेल्यावर साधं मुखत्यारपत्र चालत नाही. आणि गॅसचा मुख्य कॉक रोज रात्री घरातल्या एकाने ठरवून बंद करायचा, हे मात्र निदानाआधीच, आजपासून.