नर्सिंग कॉलेजमध्ये ‘पीअर लीडर’ व्हावं का, की फुकटची हमाली?

मॅडमनी पीअर लीडर म्हणून, म्हणजे ज्युनियरचे अभ्यासाचे तास घेणारी सीनियर म्हणून, तुमचं नाव सुचवलंय आणि घरचे म्हणतायत, आधी स्वतःचा अभ्यास बघ. बी.एस्सी. नर्सिंगला असताना मी हे काम केलंय, म्हणून सांगते: घ्या. फक्त छोट्या मॅडम होऊ नका.

ज्युनियरना तेच लेक्चर पुन्हा नको असतं. त्यांचं अडतं भलतीकडेच. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचंय, सलाइनच्या नळीचा सेट १ मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला थेंब किती? सूत्र सगळ्यांना पाठ, तरी एकीचं उत्तर आलं २५००. मी चूक दाखवली नाही, एवढंच विचारलं, “मिनिटाला अडीच हजार थेंब पडताना पाहिलेत कधी?” वर्ग हसला. मग तीच म्हणाली, अगं, तासांची मिनिटं करायची राहिली! एकूण १०,००० थेंब भागिले २४० मिनिटं, म्हणजे साधारण ४२. दुसरीचं उत्तर १२५ होतं. ते १ मिलीला ६० बारीक थेंब पाडणाऱ्या मायक्रो सेटला बरोबर बसतं, मग त्यावर भरपूर वाद झाला. खडू शेवटपर्यंत त्यांच्याच हातात होता.

मुळात १९७३ साली अमेरिकेत, मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत, डिॲना मार्टिन यांनी ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ नावाने विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांचा तास घेण्याची ही पद्धत सुरू केली, तीही मेडिकल, डेंटल आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांसाठी. तिथे विद्यार्थ्यांवर कच्चेपणाचा शिक्का मारत नाहीत. अवघड विषय निवडतात. तास सगळ्यांना खुला, सक्ती कुणालाच नाही. आपल्याकडे मात्र ‘स्लो लर्नर’ची यादी बोर्डावर लागते, आणि मग त्या यादीतली मुलगी मैत्रिणींदेखत त्या खोलीत पाऊल ठेवेल का? मॅडमशी आधी याच मुद्द्यावर बोला. माझ्या मते अर्धं यश इथेच ठरतं.

अभ्यासाचं म्हणाल, तर ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी दुसऱ्याला समजावताना पक्की होते आणि मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या विषयाला ती लागतेच. हमाली होते ती ज्युनियरचे केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेचे लेखी आराखडे, लिहून द्यायला लागलात की. तिथे सरळ नाही म्हणा. वॉर्डातल्या खऱ्या पेशंटच्या डोसबद्दल कुणी विचारलं तर उत्तर देऊ नका, इन्चार्ज सिस्टरकडे पाठवा. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री फोन किती वाजेपर्यंत घेणार, ते पहिल्याच तासाला सांगून टाका.