वाचक विचारतात: मामाजींच्या नावानं येणारी बाबाची पत्रं

प्रश्न: ताई, आम्ही दारव्ह्याकडचे, खेड्यातले. आमच्या मामाजीले (सासऱ्याले) पोळ्यापासून एका बाबाचे पत्रं येऊन राहिले. पहिल्यात होतं का घरावर सावली आहे, पत्रिका फुकट पाहून देतो. मग 551 चं यंत्र आलं, मग 1,100 चं कवच, आता 2,100 ची व्हीपी (पोस्टमनले पैसे देऊन सोडवायचं पार्सल) येणार म्हणे. अमावस्येच्या आत सोडवली नाही तर लहान्यावर येईल असं लिहिलं, अन् पोरगं नेमकं तापानं पडलं. मामाजी म्हणतात बाबाले आपलं नाव-गाव मालूम आहे, खोटा कसा असंल? सोयाबीन आत्ताच विकलं, पैसा घरात आहे, म्हणून भेव वाटते.
– एक सून

उत्तर: अगं, आधी पोराला डॉक्टरकडे ने, बाकीचं नंतर वाच. या दिवसात ताप कोणत्या घरात नाही? म्हणूनच तर बाबा असं लिहितो, कुठंतरी लागतंच.

नाव-गाव मामाजींनीच कुठल्यातरी कुपनावर लिहून दिलं असणार. माझ्या मोठ्या काकांना अशी पत्रं यायची, त्यावर नावाआधी ‘श्रीमती’, कारण जत्रेतल्या कुपनावर त्यांची टिक भलत्याच चौकोनात पडलेली. त्रिकालज्ञानी माणसाला बाई का बाप्या तेही कळलं नाही! आणि ते ‘हाताने लिहिलेलं’ पत्र उलटं करून मागून बोट फिरव, पेनाचा दाब लागतो का बघ, नाही लागला तर सरळ छापलंय.

हा धंदा काही आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत मारिया डुवाल या भविष्यवाल्या बाईच्या नावानं 1994 ते 2014 अशी 20 वर्षं पत्रं जात होती, 13 लाखांवर लोकांकडून 17.5 कोटी डॉलरच्या वर उकळले, त्यात म्हातारी माणसं खूप, आणि ते चालवणाऱ्याला 2024 मध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. एकदा पैसे दिले की नाव ‘देणाऱ्यांच्या’ यादीत जातं, म्हणून तर 551 चे 2,100 झाले.

व्हीपी घ्यायची सक्ती नसते. पोस्टमनला घेत नाही म्हणायचं, परत जाते, एक पैसा लागत नाही, फक्त त्या दिवशी मामाजी एकटे घरी नकोत. जुनी पाकिटं, पावत्या जाळू नको. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्काराच्या नावानं फसवून पैसे काढणं गुन्हा आहे, 6 महिने ते 7 वर्षं शिक्षा, तक्रार पोलीस ठाण्यात होते. आणि मामाजींना चारचौघांत बोलू नको बाई, लाजेपायी लपून पैसे देतील.

नकार दिल्यावर एकदोन धमकीची पत्रं येतील. काकांना तीन आली, तिसऱ्यात बाबा 351 वर उतरला होता.