सायकल सोडण्याआधी सीटची उंची बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि तीन वर्षांपूर्वीचे माझे दिवस आठवले. सायकल सोडू का, असं विचारताना तुम्ही लिहिलंय की गुडघ्यांना त्रास नको म्हणून मुद्दाम व्यायामाची सायकल निवडली, पंधरा दिवसांत गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं, जिना उतरताना जास्त, आणि आता घरचे म्हणतायत सोड ते, पोहायला जा. माझं अगदी हेच झालं होतं, फक्त मी खरंच सोडलं आणि त्यात आठ महिने गेले.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, फिजिओही नाही. गुडघा सुजला असेल, अडकत असेल, चालताना मध्येच सटकल्यासारखा वाटत असेल किंवा लाल होऊन गरम लागत असेल तर पुढचं वाचत बसू नका, दाखवून या. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही म्हणून उत्तर देतेय.

पण सीट किती उंच ठेवलीये तेही तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझं सगळं तिथेच चुकलं होतं. ज्या जिममध्ये जायचे तिथल्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी सीट खाली घेतली, बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून, आणि रेझिस्टन्स, म्हणजे पेडलचा जडपणा, वाढवला, कारण हलकं मारून उपयोग नाही म्हणे. पेडल वर आलं की माझा गुडघा पार छातीकडे यायचा. आता गुडघा जितका जास्त दुमडलेला असताना आपण जोर लावतो तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते, आणि मी रोज अर्धा तास नेमकं तेच करत होते. दुखतंय म्हटलं की उत्तर ठरलेलं, सुरुवातीला होतंच, सवय होईल. शेवटी दोन महिने मेंबरशिप थांबवा म्हणून ऑफिसात गेले तर डॉक्टरचं पत्र मागितलं, पत्र नेलं तर म्हणाले फॉर्म महिना सुरू व्हायच्या आधी भरायला हवा होता. पैसे गेले ते गेले, पण मी सायकलवर कशी बसते हे तिथल्या एकानेही दोन मिनिटं उभं राहून बघितलं नाही, याचा मला आजही राग येतो.

ते बघितलं नंतर एका फिजिओने. सायकलवर बसवलं, पेडल अगदी खाली नेलं आणि त्यावर चवडा नाही, टाच ठेवायला सांगितली. पाय त्या वेळी सरळ व्हायला हवा. माझा गुडघा चांगलाच वाकलेला होता. खिटी काढून सीट वर, परत टाच, परत वर, असं करत चार भोकं वर गेली! मग चवडा पेडलवर ठेवला की खालच्या टोकाला गुडघ्यात थोडासाच बाक राहतो, साधारण 25 ते 35 अंश, तो बरोबर. जास्त वर नेऊ नका, कंबर डावी-उजवीकडे हलायला लागली किंवा गुडघ्याच्या मागे दुखलं तर एक भोक खाली या.

रेझिस्टन्स एकदम हलका, मिनिटाला 70-80 फेरे, दहा मिनिटं, दिवसाआड, बस. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये इतपत दम लागला की पुरे. आठवड्याला 150 मिनिटं हा आकडा सगळीकडे सांगतात, तो जागतिक आरोग्य संघटनेचाच आहे, पण तिथे हळूहळू पोचायचं असतं. दम लवकर सुधारतो, टेंडनना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना, मात्र वेळ लागतो, म्हणून तिसऱ्या आठवड्यात अंगात जोर आल्यासारखं वाटतं आणि तिथेच माणसं घाई करतात. मी वाढवताना एका वेळी फक्त मिनिटं वाढवायचे, रेझिस्टन्सला हात लावत नव्हते. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळेपर्यंत शांत झालं तर चालतं, नाही झालं तर पुढच्या वेळी कमी करायचं.

पोहण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. छातीइतक्या पाण्यात शरीराचं वजन जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकं जाणवतं, तेव्हा पाण्यात चालणं उत्तमच. पण पोहायला शिकताना बरेचदा आधी ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखे पाय मारत पोहणं, शिकवतात, त्यात पाय बाहेर फेकताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण येतो, तेव्हा गुडघे दुखत असतील तर फ्रीस्टाइलने, म्हणजे पाय सरळ वर-खाली मारत, सुरू करा. जिममधलं एलिप्टिकल, म्हणजे उभं राहून चालल्यासारखे पाय फिरवायचं मशीन, मला मानवलं, पाय पेडलवरून उचलला जात नाही त्यामुळे आदळत नाही. रोइंगमध्ये, म्हणजे वल्ही मारल्यासारख्या मशीनवर, गुडघे फार दुमडतात, मी इतक्यात त्या वाटेला गेले नसते. आणि नुसतं चाला असं सांगणाऱ्यांना एवढंच सांगेन की चालताना गुडघ्यावर आपल्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो, नीट बसून हलकी सायकल मारली तर साधारण वजनाइतकाच. चालणं वाईट नाही, पण सायकल टाकून देण्याचं ते कारण नाही.

अजून एक, सीटच्या दांड्यावर आकडे असतात, तुमचा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. जिममध्ये आधीच्या माणसाने सीट बदललेली असते आणि आपण गडबडीत तशीच चढतो. उद्या आधी टाच ठेवून बघा आणि सीट किती भोकं वर गेली ते मला कळवा.